रंगाच्या ट्यूबमुळेच इम्प्रेशनिझम आला का?

कोराकॅनव्हास: ट्यूबचं पेटंट १८४१चं, इम्प्रेशनिस्टांचं (म्हणजे बदलता उजेड तुटक फटकाऱ्यांनी पकडणाऱ्या मोनेसारख्या फ्रेंच चित्रकारांचं) पहिलं प्रदर्शन १८७४चं. मग ‘ट्यूब आली आणि चित्रकार स्टुडिओबाहेर, उघड्यावर रंगवू लागले’ असं सर्रास का सांगतात? मधली ३३ वर्षं कुठे गेली?

जवसतेल: कारण गोष्ट सोपी आणि गोंडस आहे! इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्येच उघड्यावर तैलरंगात ढग रंगवले होते, तेव्हा कुठली ट्यूब? पण त्या काळी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत यायचा. टोचून भोक पाडायचं, रंग पिळायचा, भोक बुजवायचं. हवा शिरली की जवसाचं तेल प्राणवायू शोषून घट्ट होई. पिशवी फुटली तर सगळाच राडा. पेटंट घेणाऱ्या जॉन रँडची कथलाची नळी, म्हणजेच ट्यूब, दाबली की चपटीच राहते, परत फुगून हवा ओढत नाही. खरी करामत ती.

चपटाब्रश: ३३ वर्षांचं उत्तर एकट्या ट्यूबमध्ये नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ गिमेने १८२८च्या सुमारास चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून कृत्रिम अल्ट्रामरीन निळा केला आणि लाजवर्द या निळ्या दगडाची महागडी मक्तेदारी संपली. व्हिरिडियन हिरव्याच्या कृतीचं पेटंट गिन्येने १८५९मध्ये घेतलं. मोनेच्या पिढीला तो तरुणपणीच हाताशी आला. ब्रशचंही तेच. पिसाच्या नळीत बसवलेले केस गोलच राहतात. पत्र्याची फेरूल (केस धरून ठेवणारी पट्टी) दाबून चपटी करता येते, म्हणून रंगाचा तो रुंद, तुटक फटकारा जमतो. शिवाय चित्रकाराला शहराबाहेर नेणारी रेल्वे: पॅरिसजवळच्या आर्जांतईला ती १८५१मध्ये पोचली, मोने तिथे १८७१पासून राहिला.

कोराकॅनव्हास: म्हणजे कारखान्यातले रंग जुन्यांपेक्षा सरसच?

जवसतेल: छे! टिकाऊपणात काही अगदीच कच्चे. क्रोम पिवळा म्हणजे लेड क्रोमेट. उजेडाने त्यातल्या क्रोमियमचं क्षपण (एक रासायनिक बदल) होतं आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं दुखणं हेच. चित्रकार सराच्या ‘ग्रांद जात’ या चित्रात झिंक पिवळ्याने दगा दिला, गवतावरचे उजळ ठिपके मातकट झाले. इओसिन या कृत्रिम रंजकासारखे काही लाल तर उडूनच जातात: व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या भिंती त्याने पत्रात फिक्या जांभळ्या लिहिल्यात, आज त्या निळ्या दिसतात. त्यामुळे छापील प्रतीवरून या मंडळींच्या रंगसंगतीबद्दल ठाम बोलू नये. फ्रेमखाली झाकलेली कड बघायला मिळाली तर बघा, मूळ छटा कधीकधी तिथेच शाबूत असते.