थंडीतलं पोटभरीचं सूप मिळून येत नाही, क्रम चुकतोय का?

वाफाळता_वाडगा
मसूर, बार्ली आणि भाज्यांचं दाट सूप करायचं आहे, रात्री एक मोठा वाडगा घेतला की वेगळं जेवण नको असं. सध्याची पद्धत अशी: कांदा, गाजर, सेलरी, बटाटा, टोमॅटो, अख्खे मसूर, बार्ली, मीठ सगळं एकदम कुकरमध्ये, २ लिटर पाणी आणि ५ शिट्ट्या. भाज्यांचा गिचका होतो, मसुराची सालं मात्र चिवट राहतात, बार्लीत कणी लागते आणि वर पाणी वेगळं तरंगतं. कॉर्नफ्लोर लावलं तर दाट होतं, पण चिकट लागतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सुटतं. चवही सपक. साधारण ६ वाडग्यांचं प्रमाण आणि क्रम कोणी नीट सांगेल का?

मंदआच
प्रमाण ठीकच आहे, घोळ क्रमाचा आहे. प्रत्येक जिन्नसाचा शिजायचा वेळ वेगळा, आणि तुम्ही सगळ्यांना एकच वेळ देताय.

६ वाडग्यांसाठी: कांदा २००, गाजर १५०, सेलरी १०० ग्रॅम, लसूण ५ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे, टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे. अख्खे मसूर १५० ग्रॅम, लाल मसूर डाळ ५० ग्रॅम, पॉलिश केलेली बार्ली ६० ग्रॅम. बटाटा २०० ग्रॅम, टोमॅटो २००, पालक १००. तमालपत्राची २ पानं, काळी मिरी. पाणी पावणेदोन लिटर, त्यातलं पाव लिटर मागे ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून घाला, त्यावर १ लहान चमचा मीठ, झाकण, मंद आच, १० ते १२ मिनिटं. मिठाने भाज्यांना पाणी सुटतं आणि त्या स्वतःच्याच रसात मऊ होतात. कांदा पारदर्शक व्हायला हवा, तांबूस नाही. ही पायरी गाळली की सूप सपक होतं, मग वरून कितीही मिरपूड घाला. नंतर झाकण काढून लसूण १ मिनिट परता, पेस्ट घालून ती विटकरी रंगावर येऊन बुडाला किंचित चिकटू लागेपर्यंत परता, २-३ मिनिटं लागतात. थोडं पाणी घालून चिकटलेलं खरवडून घ्या, कारण चव तिथेच आहे.

आता बार्ली, तमालपत्र आणि दीड लिटर गरम पाणी. १५ मिनिटांनी अख्खे मसूर आणि लाल डाळ. आणखी १५ मिनिटांनी बटाट्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी आणि दुसरा चमचाभर मीठ. मसूर बोटाने सहज दाबला गेला की मगच टोमॅटो. त्यानंतर १० मिनिटं, आणि पालक शेवटच्या २ मिनिटांत. झाकण तिरकं ठेवायचं आणि सूप हलकेच खुदखुदत राहिलं पाहिजे. जोरात उकळलं तर मसूर फुटतात आणि बूड लागतं. एकूण तासभर धरा.

लाल डाळ इथे चवीसाठी नाही. ती पूर्ण विरघळते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे कॉर्नफ्लोर लागतच नाही. तरी पातळ वाटलं तर २ डाव सूप काढून घोटा आणि परत ओता. मात्र बटाट्याच्या फोडी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. पात्यांनी त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि सूप खळीसारखं ताणतं. बटाटा रवीने किंवा चमच्याच्या पाठीने चेपा.

वाफाळता_वाडगा
खूप आभार. दोन शंका. टोमॅटो शेवटी घालायचा तर त्याचीच पेस्ट सुरुवातीला कशी चालते? आणि रोज तासभर गॅसजवळ उभं राहणं शक्य नाही, कुकरमध्ये हेच कसं जमवायचं?

शिट्टी_मोजा
पहिल्याचं उत्तर: आंबटपणामुळे कडधान्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून मसूर कडक राहतो. दीड लिटरमध्ये ३० ग्रॅम पेस्टचा आंबटपणा नगण्य आहे, २०० ग्रॅम ताज्या टोमॅटोचा जाणवण्याइतका. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियमही हाच त्रास देतं, तेव्हा टोमॅटो नसतानाही मसूर शिजायला वेळ घेतो. त्यावर सोडा टाकायचा सल्ला हमखास मिळेल. चिमूटभर सोड्याने मसूर मऊ होतो हे खरं, पण चिमूट जरा मोठी झाली की सालं गळतात, साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. मसुराला त्याची गरज नाही, २ तास भिजवा.

कुकरचं: भाज्या आणि पेस्ट परतायची पायरी कुकरमध्येच, झाकण न लावता करा. मग बार्ली, मसूर, डाळ आणि फक्त सव्वा लिटर पाणी. कुकरमध्ये वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, पातेल्याचं माप तिथे घातलं की सूप पातळच होणार. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून १२ मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका, एकेका कुकरची शिट्टी वेगळ्या वेळाने होते. दाब आपोआप उतरू द्या, मग झाकण काढून बटाटा घाला, १० मिनिटांनी टोमॅटो, शेवटी पालक.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. मसूर आणि बार्ली दोन्ही फेस आणतात, फेस वाफेच्या नळीत अडकला की शिट्टी बंद पडते. ६ वाडग्यांसाठी ५ लिटरचा कुकर हवा.

कणी राहते म्हणजे तुमची बार्ली बहुधा कोंड्यासकट आहे. ती रात्रभर भिजवा, वरच्या वेळात तरच शिजेल.

रस्सा_नको_सूप
कॉर्नफ्लोरला इतकं हाकलू नका, फक्त या सूपला ते नको. गाजर-भोपळ्याच्या नुसत्या घोटलेल्या सूपला लावायचं असेल तर १ लिटरला २ सपाट मोठे चमचे, थंड पाण्यात कालवून, सूप उकळत असताना, सतत ढवळत. गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या. १-२ मिनिटं उकळलं की पुरे, जास्त वेळ किंवा आंबट सूपमध्ये उकळलं तर पुन्हा पातळ होतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं कारण थंड झाल्यावर स्टार्चचे धागे आवळले जाऊन पाणी बाहेर ढकलतात. आणि चव बघितलेला उष्टा चमचा परत पातेल्यात नको. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, स्वच्छतेचा प्रश्न वेगळाच.

साय किंवा क्रीम घालणाऱ्यांसाठी: गॅस बंद करा, क्रीममध्ये आधी डावभर सूप मिसळा आणि ते मिश्रण पातेल्यात ओता. कमी फॅटचं दूध टोमॅटोच्या सूपमध्ये फाटतं, ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट असलेलं क्रीम सहसा टिकतं.

गरम सूप मिक्सरला लावताना भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणाच्या मधली टोपी काढून वर जाड फडकं धरा. घट्ट बंद केलं तर वाफेच्या दाबाने झाकण उडतं आणि हात भाजतो.

हाडांचा_अर्क
चिकन चालत असेल तर पाण्याऐवजी हाडांचा अर्क वापरून बघा, अंगच वेगळं येतं. १ किलो हाडं, शक्यतो पंख आणि पाय, थंड २ लिटर पाण्यात ठेवा. हळूहळू तापू द्या, करडा फेस झाऱ्याने काढत जा, मग मंद आचेवर ३ ते ४ तास. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून गढूळ, तेलकट होतं. थंड झाल्यावर जेलीसारखं घट्ट झालं म्हणजे हाडांतलं आणि कातडीतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन झालं. अर्कात मीठ घालू नका, आटताना खारटपणा वाढतो.

मांस वापरत नसाल तर १५ ग्रॅम सुके मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी गाळून घाला, तळाची रेती टाकून द्या.

मंदआच
मिठाचं एक राहिलं. तिसरा चमचा एकदम नको, उकळून झाल्यावर चव घेऊन पाव पाव चमचा. या प्रमाणाला एकूण १६ ते २० ग्रॅम लागतं, बारीक मिठाचा सपाट लहान चमचा साधारण ६ ग्रॅमचा. खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ शोषलं जाईल ही समजूत सोडा. तो मिठासकट पाणी शोषतो, उरलेलं सूप तेवढंच खारट राहतं. अळणी डाळ किंवा पाणी वाढवा. मीठ बरोबर असूनही चव दबलेली वाटली तर २ लहान चमचे लिंबाचा रस, गॅस बंद केल्यावर.

राजमा घालायचा बेत असेल तर तो ८ तास भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मगच सूपमध्ये घाला. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते नष्ट होईलच असं नाही.

वाफाळता_वाडगा
शेवटचं: उरलं तर किती टिकतं?

शिट्टी_मोजा
फ्रिजमध्ये ३ दिवस. उथळ भांड्यात पसरून २ तासांच्या आत गार करा, खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. बार्ली रात्रभर पाणी पिते, त्यामुळे गरम करताना वाडग्याला पाव कप पाणी घाला आणि उकळी फुटू द्या. फ्रीजरसाठी करत असाल तर बटाटा वगळा, तो वितळल्यावर रवाळ लागतो. डबा काठोकाठ भरू नका, वर २-३ सेंटिमीटर जागा सोडा. आणि बूड लागलंच तर खरवडू नका, वरचं सूप हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओता. करपलेला वास एकदा मिसळला की काही केल्या जात नाही.