शुभा खोटे यांच्यावर दोन तासांचा कार्यक्रम: कोणते चित्रपट, कोणते प्रसंग घ्यावेत?

ओवी_के

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात अधूनमधून एखाद्या जुन्या कलाकारावर संध्याकाळचा कार्यक्रम होतो. थोडं निवेदन, निवडक प्रसंग आणि मग गप्पा असं स्वरूप असतं. या वेळी मी शुभा खोटे हे नाव सुचवलं आणि ते लगेच मान्य झालं. प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे, सोबत कॉलेजची थोडी मुलं.

मी त्यांना ओळखते ती 'गोलमाल'मधली आत्या आणि दूरदर्शनवरच्या 'जबान संभाल के'मधल्या बाई म्हणून. त्याआधीच्या कामाबद्दल ज्याला विचारावं तो 'महमूदबरोबर असायची ती' एवढं सांगून थांबतो. एवढ्यावर कार्यक्रम उभा राहत नाही आणि तो महमूदचा व्हावा असंही मला वाटत नाही. जन्मतारखेपासून पुरस्कारांपर्यंत यादी वाचून दाखवायची नाहीये. त्यांचं काम खरोखर दिसेल असे प्रसंग हवे आहेत. कुठून सुरुवात करू? एखादा चित्रपट पूर्ण पाहायचाच असेल तर कोणता?

जुनी_रिळं

ओवीताई, नाव फार चांगलं निवडलंत. सुरुवात 'सीमा'पासून करा. 1955 सालचा, दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती, नूतन आणि बलराज साहनी मुख्य भूमिकांत. अनाथाश्रमातल्या मुलींमधली पुतली म्हणजे शुभाताई. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. त्या काळात पोहणं आणि सायकलिंग या दोन्हींत त्या महिला विजेत्या होत्या आणि तीच सायकल 'सीमा'त कामाला आली. निवेदनात हे नक्की सांगा. विनोदी नटीला अंग मोकळं लागतं. धावणं, धडपडणं, लपणं, फटकन वळणं हे सगळं शरीराने करायचं असतं. शुभाताईंच्या अंगात तो खेळाडूचा चपळपणा शेवटपर्यंत राहिला. पुढच्या चित्रपटांत त्या नुसत्या दारातून आत आल्या तरी तो दिसतो.

घरचं वातावरणही सांगण्यासारखं आहे. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे नट. दुर्गाबाई खोटे ही चुलती. भाऊ विजू खोटे, 'शोले'तला कालिया. लहानपणापासून रंगमंचाची सवय होती, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बुजलेपणा कुठेच जाणवत नाही.

दुसरा घ्या 'पेइंग गेस्ट' (1957). देव आनंद आणि नूतनची गाणी सगळ्यांना पाठ असतात, शुभाताईंनी केलेली चंचल कुणाला आठवत नाही. त्यात कॉलेजमधल्या वादविवादाचा प्रसंग आहे. नूतन प्रेमाच्या बाजूने बोलते, शुभाताई पैशाच्या. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खलनायिकेची एकही रेघ नाही. आपलं म्हणणं बरोबरच आहे अशा खात्रीने, हसऱ्या चेहऱ्याने त्या बोलतात आणि थोडा वेळ आपल्यालाही पटवून देतात. पुढे हीच मुलगी वयस्कर, श्रीमंत वकिलाशी लग्न करते आणि मग मैत्रिणीच्या संसाराकडे तिची नजर वळते. त्या वकिलाच्या भूमिकेत आपले गजानन जागीरदार आहेत. 'सीमा'त नूतनची सोबतीण आणि दोनच वर्षांत तिच्याच विरोधात उभी! हे दोन तुकडे एकामागे एक दाखवा, फारसं बोलावं लागणार नाही.

कोरांटी

आणि 'दीदी'!! 'तुम मुझे भूल भी जाओ तो ये हक है तुमको' पडद्यावर सुनील दत्त आणि शुभा खोटे यांच्यावर आहे. गाणं हजारदा ऐकलेलं असतं, चेहरा विचारलात तर कुणी सांगत नाही.

ओवी_के

कोरांटी, खरंच?? मी हे गाणं इतक्या वर्षांत फक्त रेडिओवर ऐकलंय. आत्ता शोधून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आवरून धरलेला हट्ट... हे कार्यक्रमात येणार म्हणजे येणार.

कोरांटी

1959 चा चित्रपट, दिग्दर्शन के. नारायण काळे यांचं, शब्द साहिरचे. चित्रपटाचे संगीतकार एन. दत्ता, पण हे एक गाणं सुधा मल्होत्रांनी स्वतः चालीत बांधलं आणि मुकेशबरोबर स्वतःच गायलं. प्रसंग दाखवायच्या आधी नुसता आवाज लावा, लोकांना गुणगुणू द्या, मग चित्र सुरू करा. सभागृहात काय होईल ते बघा.

धोंडू_मास्तर

आता मुख्य विषयाकडे येऊ, कारण कार्यक्रम विनोदी अभिनेत्रीवर आहे आणि वरचे तिन्ही प्रसंग गंभीर आहेत.

त्या काळातल्या चित्रपटातला 'कॉमेडी ट्रॅक' कसा असायचा ते आधी पोरांना समजवा, नाहीतर त्यांना ते तुकडे मध्येच घुसवलेले वाटतील. मुख्य कथा रडवणारी. गरीब भाऊ, आंधळी झालेली बहीण, सासुरवास. त्याला समांतर एक छोटी प्रेमकथा चालायची. नायकाचा मित्र किंवा धाकटा भाऊ, त्याची प्रेयसी आणि मध्ये आडवा येणारा तिचा बाप. दर दोन-तीन रडक्या प्रसंगांनंतर हे तिघे यायचे आणि थिएटर हलकं व्हायचं. महमूद, शुभा खोटे आणि बापाच्या भूमिकेत धुमाळ, हे त्रिकूट 'छोटी बहन'पासून (1959) लोकांच्या मनात बसलं. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद. त्यानंतर मद्रासकडच्या दिग्दर्शकांनी शुभाताईंना सोडलंच नाही: टी. प्रकाश राव यांचे 'ससुराल' आणि 'हमराही', वासन यांचा 'घराना', पंतुलूंचा 'दिल तेरा दीवाना'. त्यांच्या बहराच्या काळातलं बरंचसं काम या कौटुंबिक चित्रपटांतलं आहे. 'घराना' आणि 'ससुराल' एकाच वर्षातले, 1961 चे, आणि सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअरसाठी त्या वर्षी त्यांना दोन्हींकरता नामांकन होतं. पुरस्कार निरुपा रॉय यांना मिळाला, 'छाया'साठी. पण एका वर्षी एकाच विभागात एकाच बाईची दोन नामांकनं ही लहान गोष्ट नाही.

शुभाताईंचा विनोद बघायचा कसा हे माझ्या मते नीट सांगायला हवं. महमूद पडद्यावर असला की नजर त्याच्याकडेच जाते. तो तोंड वाकडं करतो, आवाज बदलतो, सोंगं घेतो. तेव्हा डोळे मुद्दाम तिच्याकडे वळवा. ती काहीही 'विनोदी' करत नाही. त्याचं बोलणं ती खरं मानते, त्यावर खरोखर चिडते, खरोखर लाजते, बापाला खरोखर घाबरते. तिने हे सगळं खरं मानलं म्हणूनच त्याचा वेडेपणा वेडेपणा ठरतो. ती पण तोंडं करायला लागली असती तर दोघांचा नुसता गोंधळ झाला असता. समोरच्याला जागा करून द्यायची, हशा त्याच्या पदरात पडू द्यायचा आणि तो हशा ओसरायच्या बेताला बारीकशा नजरेने दुसरा वसूल करायचा. नाटकवाल्यांना विचारा हे किती कठीण असतं ते. 'महमूदसोबत असायची ती' म्हणणाऱ्यांना हेच कधी दिसलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनी_रिळं

मास्तर, अगदी. याला 'जिद्दी'मधलं (1964) 'मैं तेरे प्यार में क्या क्या न बना दिलबर' हे गाणं जोडा. मन्ना डे आणि गीता दत्त यांचे आवाज, सचिनदांचं (सचिन देव बर्मन) संगीत. गीता दत्तच्या आवाजातला खट्याळपणा शुभाताईंनी मान आणि भुवया यांच्यावर तोलून धरलाय. महमूदची तारांबळ आपण बघतच असतो, एकदा आवाज बंद करून फक्त तिच्याकडे बघा.

आणि 'हमराही'तलं 'वो दिन याद करो' विसरू नका. हेही महमूद आणि शुभाताईंवरचंच, लता-रफीचं. विनोदी जोडीला इतकं गोड, सरळ प्रेमगीत दिलंय आणि दोघंही ते चेष्टेवारी नेत नाहीत. माझ्या यादीत हे फार वर आहे.

सदाफुली२

'लव्ह इन टोकियो' (1966) घ्या ना! महमूद गेशा होऊन येतो आणि धुमाळ फसतात तो भाग. म्हातारी मंडळी खूश होतील.

धोंडू_मास्तर

घ्यायला हरकत नाही, पण थोडकाच. त्या प्रसंगात सगळं महमूद आणि धुमाळ यांच्याकडे आहे, शुभाताईंच्या वाट्याला कमी येतं. ओवीताईंनी सुरुवातीलाच सांगितलंय की कार्यक्रम महमूदचा होऊ द्यायचा नाही.

सदाफुली२

पटलं. मग त्याऐवजी 'अनाडी'. नूतन श्रीमंत घरची आरती आणि शुभाताई तिची मोलकरीण आशा. राज कपूरपुढे आरती स्वतःच आशा बनते. त्यामुळे खऱ्या आशाला मालकीण असल्याचं निभावून न्यावं लागतं. तिथे महमूद नाही की धुमाळ नाहीत, जो विनोद आहे तो तिचा स्वतःचा.

ओवी_के

'अनाडी' मी पाहिलाय आणि तरीही माझ्या लक्षात राज कपूर, ललिताबाई आणि मोतीलालच राहिले होते. परत बघते.

एक शंका. 'एक दूजे के लिए' घ्यावा का? त्यात त्या इतक्या कठोर आहेत की कार्यक्रमाचा सूरच बदलेल अशी भीती वाटते.

पानमळा

नका घेऊ. लोक हसायला येणार. सपनाच्या आईच्या रूपात त्यांना बघून माझ्या आईने कित्येक वर्षं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, इतका राग! शेवट गोड ठेवा.

कोरांटी

मी उलट म्हणेन. घ्याच. 1981 चा के. बालचंदर यांचा चित्रपट, कमल हासन वासू आणि रती अग्निहोत्री सपना. आई मुलीच्या देखत वासूचा फोटो जाळते आणि मुलगी ती राख चहात कालवून पिते. तो प्रसंग रतीचा म्हणून लक्षात राहतो, पण तिला तिथवर ढकलणारी आई खरी वाटली नसती तर राखेचा चहा हास्यास्पद झाला असता. म्हणजे मास्तर वर म्हणाले तेच पुन्हा: समोरच्याचं टोकाचं वागणं आपल्या खरेपणाने उचलून धरायचं. महमूदसमोर त्यातून हसू आलं, इथे अंगावर काटा येतो. पानमळा, तुमच्या आईंना राग आला ना, तीच पावती आहे त्यांच्या कामाची.

पानमळा

हं. असं कधी पाहिलं नव्हतं. पण मग शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. घरी जाताना लोकांच्या डोक्यात ती आई नको.

तारकर्ली_वारा

थोड्या कामाच्या गोष्टी. शोधताना 'शुभा खोटे' आणि 'शोभा खोटे' दोन्ही टाकून बघा. बऱ्याच ठिकाणी शोभा असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळे निम्मं काम सापडतच नाही. यूट्यूबवरच्या एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती तपासा, काहींत विनोदी भागच कापलेला असतो. लांबी कमी करायची झाली की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून आधी पूर्ण प्रत बघून प्रसंगाची वेळ टिपून ठेवा. आणि पूर्ण चित्रपट सार्वजनिक दाखवायचा विचार असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, ते वाचनालयाच्या कार्यकारिणीकडून आधीच बघून घ्या.

दूरदर्शनचा तुकडा ठेवाच. 1993 च्या 'जबान संभाल के'मध्ये पंकज कपूर मास्तर, शुभाताई संस्थेच्या प्रमुख, विजू खोटे विठ्ठल बापूराव पोटे आणि शुभाताईंची मुलगी भावना बलसावरही त्यात. भाऊ, बहीण, भाची एकाच वर्गखोलीत. कॉलेजच्या मुलांना हा भाग सगळ्यात जवळचा वाटेल.

धोंडू_मास्तर

मराठीतलं एक राहिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'चिमुकला पाहुणा' हा मराठी चित्रपट काढला आणि दिग्दर्शनही स्वतः केलं. त्या काळी किती बायका दिग्दर्शनाच्या खुर्चीत होत्या? निवेदनात याला दोन वाक्यं नकोत, चांगली पाच मिनिटं द्या. पडद्यावर विनोदी म्हणून ठरून गेलेल्या बाईने स्वतःहून कॅमेऱ्यामागे उभं राहायचं ठरवलं, ही त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट आहे.

ओवी_के

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री 'पेइंग गेस्ट' आणि 'अनाडी' दोन्ही पाहिले, आता माझंच मन त्यांच्या बाजूने फार तावातावाने बोलायला लागलंय.

क्रम असा ठरवतेय: 'सीमा', लगेच 'पेइंग गेस्ट'चा वादविवाद, मग 'अनाडी'. त्यानंतर कॉमेडी ट्रॅकबद्दल मास्तरांनी लिहिलंय ते माझ्या शब्दांत, आणि 'छोटी बहन', 'जिद्दी'चं गाणं, 'हमराही'चं गाणं. 'जिद्दी'चं गाणं एकदा आवाजासकट आणि त्यातलंच एक कडवं आवाज बंद करून. मध्यंतराआधी 'एक दूजे के लिए'. मध्यंतरानंतर दिग्दर्शनाचा भाग, 'गोलमाल', 'जबान संभाल के'. 2017 च्या 'टॉयलेट: एक प्रेमकथा'तल्या आजीचा एखादा क्षण, म्हणजे 1955 पासून किती लांबचा पल्ला आहे ते दिसेल. सगळ्यात शेवटी 'दीदी'चं गाणं, आधी नुसता आवाज.

मास्तर, 'छोटी बहन'मधला नेमका कोणता प्रसंग घेऊ? सगळे चांगले वाटताहेत.

धोंडू_मास्तर

तिघं एकत्र आहेत असा कोणताही घ्या, पण मधे न कापता सलग दाखवा. बापाची चाहूल लागल्याबरोबर तिचं अंग कसं बदलतं ते तुकड्यातुकड्यांत कळत नाही. आणि पडद्यावर चित्राच्या वरच्या-खालच्या कडा कापल्या जात नाहीत ना ते आदल्या दिवशी प्रोजेक्टर लावून बघा. जुनं चौकोनी चित्र रुंद पडदाभर मोठं केलं की वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात, आणि नुसतं रुंद ताणलं तर माणसं जाड दिसतात.

ओवी_के

हे लक्षात आलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी प्रोजेक्टर लावून बघते.