प्रतिसाद: एका किलोचं सुवर्ण

इतके धक्के खाऊनही फिलिपिनो लोक उमेद आणि अभिमान कुठून आणतात, असं एका चर्चेत विचारलंय. मला हिदिलिन दियाझ आठवते. फिलिपिन्समधल्या झांबोआंगाची वेटलिफ्टर. २०१२ला लंडन ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर उचलायचं) तिन्ही प्रयत्न फसले, निकालात नावापुढे आकडाच नाही. २०१६ला रौप्य. मग कोरोनात मलेशियात अडकली, तर बांबूच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या मोठ्या बाटल्या लटकवून सराव चालूच! टोकियोत शेवटच्या प्रयत्नात १२७ किलो डोक्यावर स्थिरावले आणि तिला रडू कोसळलं. अवघ्या एका किलोने सुवर्ण. १९२४पासून ऑलिंपिकला जाणाऱ्या देशाचं पहिलंवहिलं. हवाई दलातली ती, राष्ट्रगीताला मास्क लावून सॅल्यूट करत उभी होती, डोळे भरलेले. तो व्हिडिओ मी अजून शोधून बघते.