मदत हवी आहे: समुपदेशक निवडताना पार्श्वभूमी बघावी की पद्धत?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वडील जाऊन वर्ष होत आलं. झोपेतच गेले, काही ध्यानीमनी नसताना. तेव्हापासून मी रात्री-अपरात्री उठून आईच्या खोलीच्या दारात जाते आणि पांघरूण हलतंय का बघते. हललं की परत येऊन पडते, थोड्या वेळाने पुन्हा उठते. दिवसा तिचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं. रक्त, थायरॉईड, ईसीजी सगळं तपासून झालं. काही निघालं नाही, आणि डॉक्टरांनीच समुपदेशन सुचवलं.

शोधाशोध करून दोन नावांवर आलेय. दोघंही ऑनलाइन सेशन घेतात.

पहिल्या बाई: बरीच वर्षं एचआरमध्ये नोकरी, चाळिशीनंतर समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. ओळखीत लिहिलंय की त्या 'क्लायंट-सेंटर्ड' पद्धतीने काम करतात आणि जवळच्या माणसाच्या मृत्यूतून स्वतः गेल्या आहेत.

दुसरे गृहस्थ: क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलेले, आधी हॉस्पिटलात काम, आता सीबीटी (विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी) करतात. ओळख चार ओळींची, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

मन बाईंकडे ओढ घेतंय, डोकं दुसरीकडे. एचआरमधून आलेल्या व्यक्तीवर विश्वास ठेवावा का? आणि या दोन पद्धतींत नेमका फरक काय पडतो? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

– खिडकीवाली

मधलासूर:
याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एचआरचं मनावर घेऊ नका. क्लायंट-सेंटर्ड पद्धत ज्यांनी उभी केली ते कार्ल रॉजर्स कॉलेजात गेले होते शेतकी शिकायला. तिथून इतिहास, मग धर्मशास्त्र, आणि मग मानसशास्त्र. आरईबीटी ही चुकीच्या समजुती बदलण्यावर भर देणारी थेरपी काढणारे अल्बर्ट एलिस व्यवसाय विषयाचे पदवीधर. त्यामुळे माणूस कुठून आला यापेक्षा इथे आल्यावर त्याने काय केलं ते विचारा. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली क्लायंट पाहिलेत का? आजही अडलेल्या केसेस कुणासमोर मांडता का, म्हणजे सुपरव्हिजन घेता का? यावर जो चिडतो, त्याला रामराम. शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत, आणि ते या प्रश्नावर हमखास गोलमोल बोलतात.

आता पद्धत. तुमची ती रात्रच घ्या. सीबीटीवाला विचारेल: उठायच्या क्षणी डोक्यात कोणता विचार येतो? 'मी बघितलं नाही तर आई जाईल' असा काही? पांघरूण हललेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो, पण तेवढ्यानेच मेंदू पक्कं करतो की बघितलं म्हणूनच सगळं ठीक राहिलं. म्हणून पुढच्या वेळी उठण्याची ओढ आणखी जोरात येते. मग दोघं मिळून ठरवता की आज ओढ आली तरी थोडं थांबायचं, अस्वस्थता किती चढते आणि आपोआप किती उतरते ते लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी ती वही उघडून बोलायचं. म्हणजे गृहपाठ आलाच.

रॉजर्सच्या वाटेने जाणारी व्यक्ती उठणं बंद करायची घाई करणार नाही. दारात उभं असताना तुम्हाला काय होतं, वडिलांच्या वेळी आपण झोपलेले होतो याचं काय वाटतं, तिथे ती तुमच्यासोबत थांबेल. रॉजर्सनी 1957 मध्ये बदलासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. समोरच्याचं जग त्याच्या जागी उभं राहून समजणं, त्याला विनाअट स्वीकारणं आणि स्वतः मुखवटा न घालणं या त्यातल्या मुख्य. ऐकायला सोप्या, पण करताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत दोन्ही हवंय. रात्रीच्या चकरांसाठी सीबीटीची हत्यारं चांगली चालतात, पण वडिलांबद्दल न बोलता नुसत्या चकरा थांबवल्या तर ती भीती दुसरीकडून डोकं वर काढू शकते.

उंटावरचा:
पैसे देऊन बोलायचं तर मैत्रिणीशी का नाही? शेवटी सगळ्या पद्धती सारख्याच.

मधलासूर:
मैत्रिणीशी बोलावंच. पण ती तासाभरात स्वतःच्या सासूवर येते, आणि तिला तो हक्क आहे. :) 'सगळ्या सारख्याच' याला थोडा आधार आहे. तुलनात्मक अभ्यासांत मान्य पद्धतींमधला फरक बरेचदा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. पण सगळ्या तक्रारींत नाही. घाबरण्याच्या आणि पुन्हापुन्हा तपासण्याच्या त्रासात सवयीवर थेट काम करणाऱ्या पद्धतींना भक्कम पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये क्लायंट-थेरपिस्ट नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपसातला विश्वास. 'बाई छान बोलतात' हा फक्त तिसरा झाला.

पायरीवरून:
क्लायंटच्या खुर्चीतून सांगते. 'मी स्वतः यातून गेलेय' हे वाचून मीही एकीकडे गेले होते. तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून मीच त्यांना धीर देत होते. सोडून दिलं. अर्थात सगळे तसे नसतात. डीबीटी ही तीव्र भावना हाताळायला शिकवणारी थेरपी विकसित करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी 2011 मध्ये स्वतःच्या तरुणपणीच्या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं, त्यावरून त्यांचं काम कुणी कमी लेखलं नाही. स्वतःचा अनुभव सांगितला तर तो कुणाच्या उपयोगाचा, एवढं बघा.

आणि गोपनीयतेचं पहिल्याच दिवशी विचारा. जिवाला धोका, लहान मुलांचा छळ, कोर्टाचा आदेश अशा वेळी गोष्टी बाहेर सांगाव्या लागू शकतात. चांगला समुपदेशक हे आपणहून सांगतो.

खिडकीवाली:
सगळ्यांचे आभार. मधलासूर, तुमचा प्रतिसाद आईला सोडून सगळ्यांना वाचून दाखवला.

दोघांनाही एकच मेल केली: रात्रीच्या चकरा आणि बाबा, तुम्ही कुठून सुरुवात कराल? बाईंचं उत्तर आपुलकीचं होतं. सुपरव्हिजन घेतात हेही सरळ सांगितलं, पण चकरांबद्दल 'त्या आपोआप कमी होतील' एवढंच. गृहस्थांनी लिहिलं की पहिली एक-दोन सेशन्स वडिलांबद्दलच ऐकेन, चकरांची नोंद तुम्ही आत्तापासून ठेवा, काही आठवड्यांत फरक नसेल तर मनोविकारतज्ज्ञांचाही सल्ला घेऊ. त्यांच्याकडे वेळ घेतलीय.

एक शंका उरली. सेशन घरूनच घ्यायचंय आणि भिंतीपलीकडे आई. काय करता तुम्ही लोक?

पायरीवरून:
ती घराबाहेर असते तीच वेळ कायमची मागून घ्या, आठवड्याला ठरलेली. इअरफोन लावला तर समुपदेशकाचं बोलणं बाहेर जात नाही, पण तुमचं ऐकू जातंच. वेळ जमत नसेल तर पार्क केलेल्या गाडीत बसा, मी बरेच महिने तेच केलं. फक्त फोन आधी चार्ज करा.