मदत हवी आहे: फुप्फुसाच्या मॉडेलमधले फुगे फुगत नाहीत

सायलीची_आई:
उद्या सकाळी शाळेत न्यायचंय. व्हिडिओत दाखवलंय अगदी तस्संच केलंय: तळ कापलेली बाटली, झाकणातून स्ट्रॉ, त्याला आत दोन फुगे, तळाला ताणून बसवलेला तिसरा. तरी खालचा फुगा ओढला की आतले दोन ढिम्म हलत नाहीत. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

खटपट्या:
हवा लीक होतेय. झाकणातून स्ट्रॉ जातो तिथे एम-सील लावा.

सायलीची_आई:
लावलंय.

खटपट्या:
अजून लावा. आमच्याकडे अख्खं पाकीट संपलं होतं.

दत्ता_सर:
थांबा. बाटली कुठली? खालचा फुगा ओढल्यावर बाटलीच्या बाजू आत दबतात का?

सायलीची_आई:
पाण्याची साधी, लिटरची. दबतात. त्याचं काय?

दत्ता_सर:
म्हणजे लीक नाहीये! लीक असती तर तिथूनच हवा आत शिरली असती आणि बाटली दबली नसती. तुम्ही खाली जागा वाढवताय, ती बाजू आत येऊन खातायत. मग दाब कमी होणार कसा? तो कमी झाला तरच बाहेरची हवा फुग्यात येईल. आपल्या छातीला बरगड्या आहेत म्हणून ती अशी चेपत नाही. कोल्ड्रिंकची जाड बाटली घ्या. रबराने स्ट्रॉ आवळला गेला नाही ना, तेही बघा.

प्राणायामप्रेमी:
मॉडेलपेक्षा मुलीला पोटाने श्वास घ्यायला शिकवा. हवा थेट बेंबीपर्यंत गेली पाहिजे.

वॉर्डातला_डॉक्टर:
हवा बेंबीपर्यंत जात नाही हो. श्वासपटल म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायू, तुमच्या मॉडेलमधला खालचा फुगा. ते घुमटासारखं असतं, आकुंचन पावलं की सपाट होत खाली सरकतं. खालचे अवयव दाबले जातात म्हणून पोट पुढे येतं. साध्या श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा, तीही छातीतच.

प्राणायामप्रेमी:
अनुभव घ्या, मग बोला.

वऱ्हाडी_ठेचा:
चौथीच्या पोरांना असले प्रोजेक्ट देतातच कशाले? करतात तर मायबापच. बाकी उचकी लागली तर चमचाभर साखर खा, तेही श्वासपटलाचंच झेंगट आहे.

सायलीची_आई:
सहावी आहे. कोल्ड्रिंकची बाटली लावली, फुगला!! पण एकच. दुसरा तसाच लोंबतोय.

वॉर्डातला_डॉक्टर:
होणारच. दोन फुगे जोडले की जो सैल तोच हवा ओढतो. फुप्फुसात असे कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या आहेत, पण आतून सर्फॅक्टंटचा, म्हणजे पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थाचा थर असतो म्हणून लहान कोश मोठ्यात रिकामे होत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा तयार झालेला नसतो, त्यांना श्वास घेणं जड जातं. आता तो नळीने थेट फुप्फुसात देतात, त्यामुळे

सायलीची_आई:
डॉक्टर, फुग्याचं काय करू ते सांगा ना!

खटपट्या:
न फुगणारा काढा, तोंडाने चांगला फुगवून सोडा, परत फुगवा. सैल पडेल. बसवताना एम-सील विसरू नका.

दत्ता_सर:
काढताच आहात तर उजवीकडे जरा मोठा फुगा लावा. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोनच. डावीकडे हृदयाला जागा लागते.

सायलीची_आई:
उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे की बाटलीच्या?