नागपूरचे पाहुणे, दोन दिवस: ठाणे-नवी मुंबईची खाडी, मासे आणि संध्याकाळची बिअर

कळवा_पूर्व

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी नागपूरहून मामा-मामी येतायत आमच्याकडे कळव्याला. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली सगळं मागच्या खेपेला झालंय आणि सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीत मामीला परत न्यायची माझी इच्छा नाहीये, तिचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. मामांनी फोनवर सांगितलं, पाणी दाखव, मासे खाऊ घाल आणि संध्याकाळी निवांत एक बिअर, बाकी काही नको.

मला खरंच वाटतं की हे सगळं आपल्या इथेच होऊ शकतं. रोज सकाळी कळवा-ठाणे करताना ट्रेन खाडीवरून जाते, समोर तिवरांचं जंगल असतं, आणि पाहुणे आले की आपण सरळ सीएसएमटीची फास्ट पकडतो. तर यावेळी ठाणे आणि नवी मुंबईच दाखवायचं ठरवलंय. फ्लेमिंगो नक्की कुठून बघायचे, बोट मिळते का, ठाण्यात सकाळचं काय खायचं, ताजी मासळी कुठे, एवढं सांगा. मामा सावजी खाणारे आहेत त्यामुळे तिखटाची काळजी नको, मामीला मात्र बेताचं लागतं. गाडी नाही, ट्रेन आणि रिक्षा.

भरतीओहोटी

सगळ्यात आधी तारीख सांगा, कारण खाडी बघायची तर घड्याळाच्या आधी तिथी बघावी लागते. लोक दुपारी दोनला उत्साहाने जातात, बघतात तर सगळीकडे नुसतं पाणी आणि पक्षी कुठेच नाहीत, मग म्हणतात फ्लेमिंगो वगैरे सगळं फोटोतलं. तसं नाहीये. फ्लेमिंगो खातात चिखलातलं, शेवाळ वगैरे, म्हणजे चिखल उघडा पडला तरच ते खाडीत पसरलेले दिसतात. भरती पूर्ण भरली की ते उठून आतल्या पाणथळीत जाऊन उभे राहतात. म्हणजे एकाच दिवशी एकच थवा दोन ठिकाणी बघता येतो, फक्त वेळ जुळवायची.

कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येतील तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकतं. खाडीत आत ठाण्याकडे पाणी पोचायला अजून थोडा उशीर लागतो. हा अंदाज झाला, नक्की आकडा भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, मोबाइलवर मिळतो.

बोट ऐरोलीला आहे, वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथून सुटते. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स हार्बर पकडा, दिघा गाव झालं की ऐरोली, पुढे रिक्षा. बोटीच्या वेळा रोज बदलतात कारण बोट चालायला पाणी हवं आणि पक्षी दिसायला चिखलही थोडा उघडा हवा, त्यामुळे फेऱ्या भरतीच्या आगेमागे असतात. आधी ऑनलाइन बुकिंग करा, सीझनमध्ये शनिवार-रविवार लवकर भरतात. केंद्रातही बघण्यासारखं आहे, तिवरांची माहिती वगैरे, मामीला बसायला जागा आहे. हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. आपल्या ट्रेनच्या खिडकीबाहेर ही गोष्ट आहे आणि निम्म्या ठाण्याला माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कळवा_पूर्व

वा, हे माहीतच नव्हतं. कॅलेंडर बघितलं, त्या आठवड्यात गुरुवारी पौर्णिमा आहे म्हणजे शनिवारी द्वितीया, तुमच्या हिशोबाने दीडला भरती. रविवारी सव्वादोन. बरोबर ना?

भरतीओहोटी

बरोबर. शनिवारी दुपारच्या आसपासची बोट मिळते का बघा. आणि पौर्णिमेला लागून असल्यामुळे उधाणाचं पाणी असेल, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, संध्याकाळी सहा-सातला चिखल लांबपर्यंत उघडा पडलेला दिसेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, एवढा फरक दिसत नाही, तुमचा मुहूर्त चांगला लागलाय.

नौपाडाकर

दुपारी बोट असेल तर सकाळ ठाण्यात घालवा, आणि उपाशी या. मामा सावजीवाले आहेत ना, मग मामलेदार मिसळ. तहसीलदार कचेरीजवळची, तिथूनच नाव पडलंय. तिखटाचं आधी सांगावं लागतं, मामांना तिखट आणि मामीला कमी तिखट घ्या, वर ताक. शनिवारी नऊच्या आत पोचा नाहीतर उभं राहावं लागेल. तर्री म्हणजे काय हे नागपूरकराला कोणी शिकवायला नको पण ही तर्री वेगळी आहे, त्यांना आवडेल असं मला मनापासून वाटतं. मामीला मिसळ नकोच असेल तर नौपाड्यात गजानन वडापाव, तिथली पिवळी बेसनाची चटणी वड्यापेक्षा जास्त लोकप्रिय आहे, लोक परत परत मागून घेतात. वडा बेताचा असतो, दोन सहज जातात. राजमाता आणि कुंजविहारचे वडापाव पण ठाण्याचेच, पण एका सकाळी सगळं खायला जाऊ नका, पुढे बोटीत बसायचंय.

खाऊन झालं की तलावपाळी. मासुंदा तलावाला एक चक्कर मारा, सपाट आहे, कट्टे आहेत. कौपिनेश्वराचं देऊळ तिथेच, मूळ शिलाहारांच्या काळातलं आणि आत्ताचं बांधकाम १७६० च्या आसपास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केलेलं. तलावाच्या दुसऱ्या अंगाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. आणि जाताजाता मामांना मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती बाहेरून दाखवा, कारण तो मुळात ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्या कैदेतूनच १८१६ मध्ये निसटले, आणि नाशिकच्या जॅक्सन कलेक्टरला मारणाऱ्या अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये इथेच फाशी दिली. किल्ला इथे का, तर खाडीवर नजर ठेवायला. ठाणं होतंच मुळी पाण्याच्या वाटेवरचं बंदर, रेल्वे १८५३ ला आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

सीवूड्सवाली

नौपाडाकर, तलावपाळीबद्दल माझं वेगळं मत आहे. फुटाळा आणि अंबाझरी बघितलेल्या नागपूरच्या माणसाला मासुंद्याचं काय अप्रूप, त्यात शनिवारी गाड्यांचे हॉर्न. देऊळ बघा, मिसळ खा आणि लवकर निघा, तो वेळ आमच्याकडे नवी मुंबईत द्या. संध्याकाळ तर इकडेच हवी कारण खाडी आमच्या पश्चिमेला आहे, सूर्य पाण्यापलीकडे मुंबईच्या बाजूला मावळतो. ठाण्याच्या काठावरून तो पाठीमागे जातो.

शनिवारी बोटीनंतर ऐरोलीहून वाशीला या, ट्रेन आहे, तिथे सागर विहार आहे, अगदी खाडीला लागून. साडेपाचला जाऊन बसा. ओहोटी असेल त्यामुळे चिखलाचा वास येईल हे मामीला आधीच सांगून ठेवा, पण त्याच चिखलावर बगळे, तुतवार, नशीब असेल तर फ्लेमिंगोसुद्धा.

रविवारी सीवूड्स. भरतीच्या वेळेला, म्हणजे तुमच्या हिशोबाने एक ते तीन, पक्षी डीपीएस शाळेजवळच्या तलावात आणि टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत येतात. ऊन असेल, टोपी आणि पाणी घ्या. काठावरूनच बघा, दगड मारून थवा उडवणारी मुलं दिसली तर प्लीज हटका, ड्रोन वगैरे तर नकोच. एक विनंती सगळ्यांनाच करते, या तलावांत भरतीचं पाणी येण्याजाण्याच्या वाटा उघड्या राहिल्या तरच पक्षी येतात. पाणी अडलं की तलाव सडतो किंवा सुकतो आणि पक्षी दुसरीकडे भरकटतात. इथले रहिवासी त्यासाठी भांडतायत. तुम्ही पाहुण्यांना घेऊन आलात, चार लोकांनी बघितलं, की त्या भांडणाला बळ येतं, म्हणून मी सगळ्यांना या म्हणते.

तिथून ज्वेल ऑफ नवी मुंबई, नेरूळला, पामबीचच्या बाजूला. सपाट ट्रॅक आहे, बसायला जागा भरपूर. मधला तलाव शोभेचा नाहीये बरं का, तो धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने असे तलाव ठेवले, भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत निघून जातं. मामांना हे ऐकायला आवडेल, माझ्या सासऱ्यांना मी समजावून सांगितलं तेव्हापासून ते पाहुण्यांना तिथेच घेऊन जातात.

नौपाडाकर

मावळतीचं मान्य. पण तलावपाळी सकाळी साडेसातला हॉर्नशिवाय असते, तेव्हा बघा आणि मग ठरवा.

उरणलोकल

एक पर्याय सुचवतो, मामीला झेपत असेल तर. जानेवारी २०२४ पासून नेरूळ-बेलापूरहून ट्रेन थेट उरणला जाते. उरणला पिरवाडीचा किनारा, तो मात्र खराखुरा समुद्र. आणि मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तासाभरात पलीकडे, वाटेत मोठमोठी जहाजं नांगरलेली दिसतात. जाताना ट्रेन येताना लाँच असं केलं तर पाण्याची हौस पुरी फिटते. पण मोऱ्यालाही गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, तेव्हा इथेही भरती बघूनच. चढउतार करताना हात द्यावा लागतो, मामीचे गुडघे लक्षात घ्या.

कळवा_पूर्व

उरण पुढच्या वेळी, मामी लाँचला नाही म्हणेल. बाकी प्लॅन जवळजवळ ठरला. आता बिअर आणि मासे राहिले. पाण्याकाठी बसून बिअर असं कुठे आहे का?

बेलापूर_सेक्टर१५

अगदी पाण्याला लागून बसायचं ठिकाण मी तरी सुचवणार नाही. सागर विहार, जेट्टी, बागा, सगळ्या सार्वजनिक जागा आहेत, तिथे बाटली काढू नका, इतर कुटुंबं असतात आणि पोलीसही येतात. मावळती बघून घ्या आणि मग रिक्षाने निघा. शनिवारी वाशीलाच असाल तर सेक्टर १७ किंवा पामबीच गॅलेरिया, रविवारी बेलापूरला आमच्या सेक्टर १५ मध्ये हॉटेलांची रांगच आहे. फॅमिली सेक्शनवालं बघा, मामीसाठी सोलकढी मागवा. सोबत भाऊ-बहीण लहान असतील तर बिअरला २१ आणि हार्डला २५ पूर्ण लागतात. ड्राय डे आहे का तेवढं आधी बघा. गाडी नाहीये हे उत्तमच.

दिवाळ्याची_लेक

मासळीचं मी सांगते, आमचं गावच दिवाळे, बेलापूरला. किल्ला पण तिथेच होता, आता थोडे अवशेष उरलेत. रविवारी सकाळी लवकर मासळी बाजारात या, सीवूड्सला दुपारी जायचंय तर आधी हे उरका. पण मासे घरी नेऊन शिजवायचे असतील तर मामा-मामींना घरी ठेवून तुम्ही एकटे सकाळी येऊन जा, नाहीतर मासळी दिवसभर उन्हात फिरेल.

बाजारात आलात की सुरमई-पापलेट कितीला असं सुरू करू नका, ते कुठेही मिळतं. विचारा, मावशी आज खाडीचं काय आहे. जिताडा असेल तर डोळे झाकून घ्या, नागपूरच्या माणसाने हा मासा खाल्लेला नसणार. गोडं मांस असतं, काटा कमी, त्याचा रस्सा चिंच-लसणाचा आणि सोबत तांदळाची भाकरी, मामी पण खाईल. जास्त मसाला घालू नका, माशाची चव मरते. बोंबील ताजे मिळाले तर चिरून, मीठ लावून वर वजन ठेवून पाणी काढा आणि तांदळाच्या पिठात तळा. निवट्या दिसल्या तर पाव किलो घ्या, चिखलावर उड्या मारणारा मासा तो, संध्याकाळी वाशीला ओहोटीच्या चिखलात मामांनी बघितलेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी ताटात. खाडीत घाण पाणी येतं म्हणून आमच्या लोकांना पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, तासन् तास चिखलात उतरून आणलेली असते ती, म्हणून भाव करताना थोडं समजून घ्या एवढंच सांगते. आणि जून-जुलैत कधी पाहुणे आणलेत तर समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा बाजार रोडावलेला असतो.

चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मात्र यावेळी घेऊ नका. तुम्ही येताय पौर्णिमेच्या लगेच नंतर, आमच्याकडे म्हणतात की पौर्णिमेची चिंबोरी पोकळ आणि अमावास्येची भरलेली. कोणी आग्रह केलाच तर हातात घेऊन वजन बघा, आकाराने मोठी आणि हाताला हलकी लागली तर परत ठेवा. त्याऐवजी कोलंबी घ्या, नाहीतर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, त्या सुक्या खोबऱ्यात मस्त होतात.