मदत हवी आहे: बहीण मध्येच वेगळ्या नावाने बोलते, कोणाला दाखवू?

अळूचं_पान
बहिणीचं पुन्हा सुरू झालंय. काल जेवताना हातातला घास तसाच राहिला आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "मी पमी, मला मारू नका." पमी नावाचं आमच्यात कोणी नाही. थोड्या वेळाने भानावर आली, ताटाकडे बघून विचारते, हे कोणी वाढलं? गावात सगळे बाहेरचं म्हणतायत. नेटवर मल्टिपल पर्सनॅलिटी वाचलं, तेच ना हे? गोळी कुठली असते? कोकणातला डॉक्टर सांगा, लवकर.

गडनदी
"पुन्हा" म्हणजे आधी कधी? वय? गाव? फिट येते का? डोक्याला मार, चालू गोळ्या? काहीच लिहिलं नाहीत.

मालवणी_माणूस
आधी देवळात कौल लाव. माझ्या मावशेचा असाच झालेला. गाऱ्हाणा घातला, नारळ ठेवलो, बरी झाली. डॉक्टराक कित्याक पैसे घालवतास?

अळूचं_पान
देवगड तालुका. वय २३. फिट नाही, गोळ्या नाहीत. डॉक्टरचं नाव विचारलंय, बाकी कशाला?

खाडीकाठ
आमचा मुलगा झोपेत चालायचा. दाराला वरची कडी लावा, विहिरीवर जाळी टाका. वाढत्या वयात आपोआप गेलं.

गडनदी
झोपेत कुठे? ती जेवत होती.

परिचारिका_रत्नागिरी
मी मनोरुग्ण विभागात काम केलंय. निदान इथे कोणी करू नये, मीही करणार नाही. आधी फिटचं बघा. मेंदूच्या एका भागातल्या फिटमध्ये माणूस पडत नाही, नुसता हरवतो, काहीबाही बोलतो आणि नंतर त्याला आठवत नाही. ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढतील, पण तो नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं होत नाही.

तुम्ही वाचलंत त्या आजाराचं नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' केलं. त्यांच्या आजारांच्या यादीच्या २०१३ च्या आवृत्तीत त्यांनी अंगात आल्यासारखा अनुभवही त्यात धरला. पण म्हणून शिमग्याला किंवा जत्रेत ठरल्या वेळी वारं येतं ते आजार म्हणायचं नाही. ते सगळ्यांना मान्य असतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. नको असताना येतं, मधला वेळ पुसला जातो, कामं अडतात, तेव्हा दाखवायचं. थेट त्यावरची गोळी नाही. झोप, भीती, उदासी यांवर गोळ्या देतात, मुख्य उपचार बोलण्याचा आणि तो लांबतो.

पुणेरी_पेठ
हे अमेरिकेतलं खूळ आहे. १९८० नंतर तिथे एकदम रुग्ण वाढले. थेरपिस्टच प्रश्न विचारून विचारून माणसं तयार करतात, असं तिथलेच तज्ज्ञ म्हणतात.

परिचारिका_रत्नागिरी
तो वाद खरा आहे आणि मिटलेला नाही. पण तो कारणाबद्दल आहे. पोरीचा त्रास खोटा ठरत नाही. त्या वादातून घरच्यांनी एवढंच घ्यावं: "पमी, तू कोण, आणखी कोण आहे आत?" असं खोदू नका. "तू घरी आहेस, मी दादा" एवढंच म्हणा.

मालवणी_माणूस
मग कौल लावूक काय हरकत?

परिचारिका_रत्नागिरी
कौल लावा, आईच्या मनाला बरं वाटेल. भगताकडून मिरचीची धुरी आणि मारहाण नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

कोकणकन्या_वेटिंग
यंदा गणपतीला तिकिटं मिळाली का कोणाला?

अळूचं_पान
तिकिटांचा वेगळा धागा काढा.
ती बचत गटाचा हिशेब लिहिते. आज वही बघितली. तिचं अक्षर बारीक, सरळ. मध्येच दोन पानं मोठाल्या अक्षरात, पेन्सिल दाबून, आकडे ओळ सोडून खाली घसरलेले. ते तिलाही आठवत नाही. "पुन्हा" म्हणजे सातवीत असताना. शाळेसाठी एका नातेवाइकांकडे ठेवली होती, तिथून आल्यावर बरेच महिने असं चालायचं. मग थांबलं. आता साखरपुडा ठरलाय, म्हणून बोभाटा नको.

गडनदी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तिथे काय झालं होतं?

परिचारिका_रत्नागिरी
गडनदी, ते इथे विचारू नका. दादा, तुम्हीही तिला आत्ता विचारू नका. या आजारात बहुतेकांच्या लहानपणी काही जबर सोसलेलं निघतं, पण तसंच असेल हे धरून चालू नका. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या, नातेवाईक खोलीबाहेर. स्वतःहून बोलली तर ऐका, "खरंच का?" म्हणू नका.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, वार फोन करून विचारा. दाखल करायची वेळ आली तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. आज रात्री काही झालं तर १४४१६ लावा, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाचं काही बोलली तर एकटी सोडू नका, थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

पुणेरी_पेठ
मुलाकडच्यांना सांगणार की नाही?

अळूचं_पान
ते तिने ठरवायचं. तिला विचारलं, म्हणाली आईला नको, तू चल आणि बाहेर बस. आई म्हणते साखरपुडा होऊ दे, मग बघू. आईला काय सांगू?

परिचारिका_रत्नागिरी
फिटची तपासणी करायची आहे म्हणा. ती होणारच आहे, खोटं नाही. वही न्यायची का, हे बहिणीला विचारा. हो म्हणाली तरच न्या.